मागे बघायचं नाही

"पक्षी बघायला आलात काय?" फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या वनरक्षक बाईंनी विचारलं.

गौरेशने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. उत्तर सासूबाईंनी दिलं.

"होय तर. पक्षी बगूक इलंव."

"आणि दुर्बीण?"

"माजे डोळे बरे आसत."

बाई हसल्या. खाकी शर्टावर 'मेश्राम' अशी पाटी होती. बोलण्याच्या हेलावरून विदर्भातल्या वाटत होत्या. "बरं, ऐका मग. दोरी बांधली आहे ना, त्या पायवाटेनंच जायचं. टेकड्यांवर पाय नाही द्यायचा, वेल तुटते. सुरूच्या बनात शिरायचं नाही. आवाज करायचा नाही बरं का आजी."

"मी करतंय आवाज?" सासूबाई म्हणाल्या. चार पावलं पुढे गेल्यावर पदर खोचत स्वतःशीच पुटपुटल्या, "आमच्याच पुळणीत आमकाच वाट दाखवता."

पण त्या पुळणीत त्यांचं पाऊल त्या दिवशी पहिल्यांदाच पडत होतं. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, उभा जन्म तांबळवाडीत गेलेला, आणि या बाजूला त्या कधी आल्या नव्हत्या. गावातली कुठलीच बाई येत नसे. दात यायच्या आत गेलेलं बाळ जाळत नाहीत, पुरतात. आमच्या गावची अशी बाळं पिढ्यान्‌पिढ्या या वाळूत, टेकड्या आणि सुरूचं बन यांच्या मधल्या सखल भागात पुरलेली. नेणारे पुरुष. बायका घरात. पुढे सरकारने जागा राखीव केली, फाटक लावलं, पाटी लावली, आणि लांबून लांबून लोक समुद्रगरुडाचं घरटं बघायला यायला लागले.

आम्हाला समुद्रगरुड बघायचा नव्हता. माझी मुलगी तिथे होती.

गणपतीला म्हणून मी कोल्हापूरहून सासरी आले होते, सातवा महिना. गौरी जेवल्या आणि दुसऱ्या दिवशी पोटात दुखायला लागलं. तालुक्याच्या दवाखान्यात ती जन्मली. एवढीशी, पण रडली खणखणीत. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, ऊब द्या. घरी आणली. माझं बोट मुठीत धरून झोपायची. सोडवायला गेलं की आठी घालायची कपाळावर, अगदी गौरेशसारखी. बारशाचं ठरत होतं, पाळणा माळ्यावरून काढून धुवून पडवीत वाळत घातला होता. मग एका सकाळी तिने दूध ओढलं नाही.

मी आतल्या खोलीत पडून होते. ती माझ्याजवळ होती, मग नव्हती. बाहेर सासऱ्यांचा आवाज आला, "वायच मीठ दी गो." सासूबाईंची पावलं आत गेली. मग स्वयंपाकघरातल्या बरणीचं झाकण वाजलं. चिनी मातीचं झाकण, घासत उघडतं. मला वाटलं, कुणाला तरी पेज देत असतील. आपण पेज देतो ना माणसांना, काही झालं की. मला वाटलं, आता माझ्यासाठीही घेऊन येतील.

मीठ पुरताना वाळूत घालतात, हे मला फार नंतर कळलं.

त्या बरणीची एक गंमत होती, म्हणजे मला लग्न झाल्यावर ती गंमत वाटायची. सासूबाई तिला कुणा पुरुषाचा हात लागू देत नसत. सगळ्यांची ताटं वाढून झालेली, स्वतः जेवायला बसलेल्या, आणि गौरेश म्हणाला, मीठ कमी आहे, तर तो उठायच्या आत या उष्ट्या हाताने उठायच्या, डाव्या हाताने मीठ काढून त्याच्या पानात टाकायच्या. "सोवळं आहे का मिठाचं?" मी एकदा विचारलं होतं. "घाटावर नसता," एवढंच उत्तर मिळालं. मी घाटावरची. माझ्या सगळ्या प्रश्नांना ते उत्तर पुरत असे.

मुलगी गेल्यावर आम्ही कोल्हापूरला परतलो, दोन खोल्यांच्या घरात. गौरेश कामावरून आला की मी कणीक मळता मळता विचारायची, "सांग ना, कशी आहे जागा?"

"छान आहे. सुरूचं बन आहे."

"सावली आहे?"

"आहे ना. एक जुळं झाड आहे, बुंधा एक आणि फांद्या दोन झालेल्या. त्याच्या बुडाशी."

"समुद्र दिसतो?"

"दिसतो. टेकडीच्या फटीतून."

पुढच्या खेपेला त्यात केवड्याचं बेट आलं. मग जांभळ्या फुलांची मर्यादवेल आली, झाडाच्या मुळापर्यंत पसरलेली. मग एक टिटवी. मी विचारत गेले, तो सांगत गेला. मी डोळे मिटून त्या जागेवर जाऊन येऊ शकत असे. जुळ्या झाडापाशी उजवीकडे वळायचं. केवडा डाव्या हाताला ठेवायचा. तिथे माझं बाळ.

तिला नाव नव्हतं, एवढंच एक सलत होतं. नाव मी ठरवलं होतं, पोटात असतानाच. गौरेशला बहीण नाही, तेव्हा बारशाला कुर्र करून कानात नाव मीच सांगणार, असंही ठरलं होतं. ते राहिलं. लोक म्हणत, विसर आता, दुसरं होईल. होईलही. पण ती तिथे बिननावाची पडून आहे, कुणी हाक मारली तर तिला कळायचं नाही की आपल्यालाच मारली, हे माझ्या मनातून जाईना. नाव कानात सांगायचं असतं. म्हणजे कान कुठे आहे ते तर माहीत हवं.

दोन वर्षं मी जाऊ म्हणत होते, आणि सासरे नाही म्हणत होते. बायकांनी जायचं नसतं. मग दिवाळीनंतर सासरे गेले, झोपेतच. त्यांचे दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि माझ्या एकदम लक्षात आलं की तिला नेणारी माणसं दोनच होती. त्यातलं एक गेलं.

"आता फक्त तुम्हालाच माहीत आहे," मी गौरेशला सासूबाईंच्या देखत म्हणाले. त्यांच्यासमोर मी त्याला अहो-जाहो करत असे. "उद्या मला दाखवा."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मला वाटलं, आता घाटावरच्या बायकांचा उद्धार होणार. त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मी पण येतंय."

"तू कित्याक, आये?"

"माका पाय नाय काय?"

*

सुरूच्या बनाचा एक आवाज असतो. वारा नसला तरी असतो. कुणीतरी लांबवर सतत श्वास सोडतंय असा. आम्ही दोरीच्या कडेने चालत होतो; गौरेश पुढे, मी मध्ये, सासूबाई मागे. उजव्या हाताला टेकड्या, माणसाहून उंच, त्यांच्या अंगावर मर्यादवेल पसरलेली. जांभळी फुलं होती. मी मनात म्हटलं, एक खूण बरोबर आली. वाळूवर कुर्ल्यांनी उकरलेल्या गोळ्यांच्या रांगा. पलीकडे समुद्र, दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता.

"केवडो खूप आसा हय," सासूबाई म्हणाल्या. त्या सगळीकडे बघत होत्या. नव्या गावात आलेल्या माणसासारखं, नीट, हावरटपणे. "हेंनी कदी सांगल्यानी नाय, केवडो आसा म्हणान."

समोरून चार-पाच जणांचा घोळका आला. गळ्यात मोठाले कॅमेरे. त्यातला एक कुजबुजला, "सरळ गेलात की घरटं दिसेल. मादी बसलीय." मी मान हलवली. थँक्यू म्हणाले, मला आठवतंय. एवढं साधं बोलता येत होतं मला.

ते दिसेनासे झाले तसा गौरेश दोरीखालून वाकून आत शिरला. आम्ही त्याच्या मागे. सासूबाईंनी दोरी उचलून धरली माझ्यासाठी.

आत वाळू मऊ होती. सुरूच्या काड्यांचा थर, पाय टाकला की आवाज नाही. गौरेश थोडं चालला, थांबला, डावीकडे वळला. परत आला. टेकडीच्या पायथ्याशी गेला, तिथून बनाकडे बघितलं.

"जुळं झाड कुठे आहे?" मी विचारलं.

"थांब जरा."

"हे का?"

"नाही. थांब ना."

झाडं किती तरी होती. सरळ, एकाच मापाची, हारीने लावलेली. एकाही झाडाला दोन फांद्या फुटलेल्या नव्हत्या. केवडा मागेच राहिला होता, समुद्र तर कुठूनच दिसत नव्हता. मी पिशवी छातीशी धरून उभी होते. त्यात मी शिवलेलं टोपडं होतं, माझ्या जुन्या साडीचं. ते तिच्याजवळ ठेवायचं होतं.

मग गौरेशने एक विचित्र गोष्ट केली. तो बनाकडे पाठ करून उभा राहिला, गावाच्या दिशेला तोंड करून, आणि मागे मागे चालायला लागला.

एक पाऊल मागे. थांबून समोर बघायचं. पुन्हा एक पाऊल मागे. समोर काही जुळत नसे, तशी मान हलवायचा. थोडा डावीकडे सरकायचा. पुन्हा मागे. एकदा मुळाला अडखळला, पडला असता, पण वळून बघितलं नाही त्याने. हात मागे धरून, चाचपडत, आंधळ्या माणसासारखा तो उलटा चालत राहिला, डोळे मात्र समोर ताणलेले.

"अहो, काय करताय?"

"इथून देवळाचा कळस दिसला पाहिजे," तो म्हणाला. "दोन झाडांच्या मध्ये. बरोब्बर मध्ये. आणि खाली फणसेकरांच्या माडीचं कौल. दिसत नाहीये."

"पण तुम्ही असे उलटे का..."

"झाडं वाढली असतील," तो स्वतःशीच बोलत होता. "टेकडी पण तेव्हा उंच होती. आम्ही उंचावर होतो. वाळू सरकते ना. वाळू सरकली असेल."

"गौरेश."

"कळस दिसला की त्याच्या बरोबर मागे. माझ्या पाठीमागेच. हाताच्या अंतरावर..."

तो आणखी दोन पावलं मागे आला आणि त्याची पाठ कुंपणाच्या तारेला लागली. राखीव जागा तिथे संपत होती. तो तिथेच उभा राहिला.

तेव्हा मला कळलं. कळलं आणि पायांखालची वाळू खरंच सरकल्यासारखी झाली.

"तू बघितलीच नाहीस," मी म्हणाले. सासूबाई होत्या तिथेच, पण अहो-जाहो कुठच्या कुठे गेलं होतं. "तू जागा बघितलीच नाहीस ना?"

"बाबांनी खणलं. मी तिला धरून उभा होतो. मला दुसरीकडे बघ म्हणाले, मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. मग त्यांनी घेतली माझ्याकडून. मी डोळे मिटले. मग म्हणाले, चल, झालं. सरळ चालायचं. मागे बघायचं नाही." तो अजून गावाकडेच बघत होता. "मागे बघायचं नसतं, शर्वरी. तिचा जीव अडकतो म्हणतात. मी नाही बघितलं. समोर बघत राहिलो. समोर काय होतं तेवढं सगळं माहीत आहे मला."

"आणि जुळं झाड?"

त्याने पाठीमागची तार हाताने धरली.

"केवडा? ती टिटवी? समुद्र दिसतो म्हणालास! टेकडीच्या फटीतून दिसतो म्हणालास, गौरेश!"

"तू विचारायचीस," तो म्हणाला. "तू रोज विचारायचीस. मी काय सांगू? दिसलं नाही, असं सांगू तुला?"

मी त्याला मारलं. छातीवर, दोन्ही मुठींनी. दोन वर्षं जिथे जाऊन मी बसत होते ती जागा त्याने एका वाक्यात पुसून टाकली होती, आणि मला दुसरी जागाच नव्हती जायला. तो मार खात उभा राहिला. तारेला पाठ लावून, हात खाली सोडून. मी ओरडत होते, कुठे आहे, कुठे आहे ती, मी नाव कुणाला सांगू, कुठे सांगू.

शिट्टी वाजली. दोरीपलीकडून मेश्राम बाई धावत येत होत्या. "ओ! ओ दादा! दोरीच्या आत काय करताय? आवाज कशाचा? पक्षी बसलाय तिकडे अंड्यावर!"

सासूबाई मध्ये आल्या. त्यांनी मेश्राम बाईंच्या हातावर हात ठेवला. दम भरला नाही, विनवणीही केली नाही. शेजारणीशी बोलावं तसं बोलल्या.

"हळू बोल गो बाय. नात निजली आसा माजी हय."

मेश्राम बाईंना सगळे शब्द कळले की नाही कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पिशवीतून बाहेर आलेल्या टोपड्याच्या बंदाकडे पाहिलं. तोंडातली शिट्टी काढली. पायाखाली बघत, आपण कशावर उभ्या आहोत ते बघत, त्या एकेक पाऊल जपून मागे गेल्या. नंतर लांबून त्यांचा आवाज आला, कॅमेरेवाल्यांना सांगत होत्या, "इकडून नाही सर, आज इकडून बंद आहे. त्या बाजूनं फिरून जा."

*

आम्ही तिघं वाळूत बसलो. म्हणजे मी कोसळले, सासूबाई माझ्याजवळ बसल्या, गौरेश जरा पलीकडे, आमच्याकडे पाठ करून.

सासूबाई बोटांनी सुरूच्या काड्या बाजूला करत होत्या. खालची वाळू पांढरी, थंड होती. ती त्यांनी मुठीत घेतली, सोडली.

"तुजो घोव निदान खोटा तरी सांगता," त्या म्हणाल्या. "माज्या घोवान खोटासुद्धा सांगूक नाय."

मला आधी कळलंच नाही.

"मी पण इचारी. हेंका. भाकरी थापताना इचारी, न्हाणीत पाणी इसणताना इचारी. खय ठेवलास? पुळणीत. पुळणीत खय? पुळणीत गो, म्हणत, आणि उठान जात. पुळणीत. इतक्याच." त्यांनी पुन्हा मूठ भरून वाळू घेतली. "गौरेशाच्या आदी एक झील होतो माका."

गौरेश वळला. "आये?"

"तुका म्हायत नाय. कोणाक म्हायत? आज म्हायत असलेला कोण ऱ्हवला नाय. सव्वा महिन्याचो झालो होतो. हसाक लागलो होतो." त्या हसल्या, तेव्हा, खरंच हसल्या, ते हसणं आठवून. "मी बाळंतिणीच्या खोलीत. बाहेर कोण काय बोलता तां कळा नाय. इतक्यात बरणीचा झाकण वाजला. मिठाच्या बरणीचा. तेवा माका कळला."

तेच झाकण. तीच खोली.

"हेंनी आपल्या हातान मीठ न्हेल्यानी माज्या बरणीतला. माका इचारूक नाय. तेवापासना त्या बरणीक पुरसाचो हात लावूक देवूक नाय मी कोणाक." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुज्या येळेक हे भायेरसून म्हणाले, मीठ दी. मी माज्या हातान काढलंय. खडो खडो बगून, बरा बरा मीठ दिलंय. तितक्याक तरी बायमाणसाचो हात लागूंदे तिका, म्हणान."

माझ्या सासूचा हात मी तोपर्यंत कधी धरला नव्हता. पाया पडताना पाय धरले होते. हात खरखरीत होता, नखांत वाळू होती. त्यात माझ्या मुलीचं मीठ होतं. मी तो माझ्या दोन्ही हातांत धरून तोंडाला लावला, आणि दोन वर्षांत रडले नव्हते तशी रडले. त्या थोपटत नव्हत्या, गप्प हो म्हणत नव्हत्या. नुसता हात दिलेला.

"नाव काय ठरवलंस?" मी जरा शांत झाल्यावर त्यांनी विचारलं.

"तिच्या कानात सांगायचं आहे आधी."

"मगे सांग."

"कुठे सांगू, आई? त्यालाच माहीत नाही."

सासूबाईंनी पदराने माझं नाक पुसलं, लहान मुलीचं पुसावं तसं. मग समोर हात फिरवला. टेकड्या, वेल, हारीने उभी झाडं, तार, सगळ्यावरून. "ही येवढी जागा आसा. हेच्यात तो आसा, हेच्यात ती आसा. वाळू चलता, तो म्हणता ना? तर ती पण चलत आसतीत वाळूबरोबर. खयंय सांग. पोचात."

मी वाळूत हाताने खळगा केला. ओंजळीएवढा. टोपडं त्यात ठेवलं, बंद नीट दुमडून. मग वाकले, गाल वाळूला टेकवला. वाळू गालाला थंड लागली, ओठांना लागली, खारट. मी कुर्र केलं. आणि नाव सांगितलं. एकदा, मग आणखी एकदा, तिला कळलं नसलं तर म्हणून. हाक मारतात त्या आवाजात.

मान वर केली तेव्हा सासूबाई माझ्यापासून थोड्या अंतरावर, म्हातारी पाठ वाकवून, तोंडाभोवती हात धरून वाळूशी बोलत होत्या. वारा समुद्राकडून होता. मला काही ऐकू आलं नाही. आणि ऐकू येऊ नये असंच ते होतं. त्या आपल्या मुलाचं नाव इतकी वर्षं कुणालाही न सांगता घेऊन फिरत होत्या, चुलीपाशी, विहिरीवर, माझ्यावर डाफरताना, आणि आम्हाला वाटत होतं, बाई तापट आहे.

गौरेश आमच्याकडे बघत नव्हता. त्याची पाठ गदगदत होती.

*

उन्हं चढली. सासूबाईंनी वाळू लोटून माझा खळगा बुजवला, वरून काड्या पसरल्या, पूर्वी होत्या तशा. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. आम्ही पायवाटेकडे निघालो. गौरेश पुढे. तोंडातून सवयीने निघावं तसं त्याच्या तोंडून निघालं, "मागे बघू नका."

सासूबाई थांबल्या.

"कित्याक?"

"नसतं बघायचं, आये. बाबा म्हणायचे..."

"बाबा गेले तुजे." त्या वळल्या. पुरत्या वळल्या, कमरेवर हात ठेवून, आणि उघड्या डोळ्यांनी त्या जागेकडे बघत उभ्या राहिल्या. मीही वळले. गौरेश तसाच उभा, मान ताठ, गावाकडे तोंड. त्या दिवशी उभा असेल तसाच.

सासूबाई त्याच्याजवळ गेल्या. त्याची हनुवटी धरली. तीस वर्षांचा बाप्या, दाढी वाढलेला, पण त्यांनी ती शाळेत पाठवताना भांग पाडायला धरत असतील तशी धरली, आणि तोंड मागे फिरवलं.

"बग," त्या म्हणाल्या. "नीट बगून घे. उद्या हिणा इचारल्यान, तर काय सांगशीत?"

त्याने डोळे मिटून घेतले होते. मग उघडले.

या गोष्टीला आता वर्षं झाली. आमची धाकटी शाळेत जायला लागली. सासूबाई गेल्या; बरणी मी इथे आणली, झाकण अजून तसंच घासत उघडतं. कधी कधी, बहुतेक कणीक मळतानाच, मी गौरेशला विचारते, "कशी होती जागा?" तो हातातलं काम थांबवतो. आता तो टिटवी घालत नाही, केवडा घालत नाही. समुद्र दिसतो, असंही म्हणत नाही.

"वाळू होती," तो सांगतो. "सुरूची झाडं होती, सरळ. त्यांच्या मध्ये तुम्ही दोघी बसला होतात, तेवढा खोलगट भाग दिसत होता. आणि वारा सुटला होता, तो वाळूने भरत चालला होता."